ब्रॉन : बाहेरून जोखलेलं बळ

इंग्रजीत बळाला शब्दांची वानवा नाही. स्ट्रेंग्थ आणि माइट हे घरचे, जुने. पॉवर आणि फोर्स हे फ्रेंचांकडून आलेले. पण दंडामांड्यांत भरलेलं, नजरेला दिसणारं जे बळ असतं त्याच्यासाठी त्या भाषेने एक वेगळाच शब्द राखून ठेवला आहे : ब्रॉन. ब्रेन आणि ब्रॉन ही अनुप्रासाची जोडी आपल्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्यालाही परिचयाची आहे. बुद्धी श्रेष्ठ की बाहुबळ, असा वाद घालायचा झाला की ती हटकून पुढे येते. मात्र इंग्रजी कोश उघडला तर याच शब्दाखाली आणखी एक अर्थ दिसतो. डुकराच्या मुंडीचं मांस शिजवून, सोडवून, त्याच्याच चिकट रश्शात गोठवायचं आणि थंड झाल्यावर काप करून खायचं, त्या पदार्थाचंही ब्रिटनमधलं नाव ब्रॉनच. पैलवानाचं बळ आणि खाटकाच्या दुकानातला पदार्थ एका शब्दात शेजारी का नांदतात, हा प्रश्न मला केवळ गमतीचा वाटत नाही. त्याच्या उत्तरातून माझ्या मते एवढं दिसतं की ब्रॉन हा शब्द ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्या बाजूने कधी घडलाच नाही. तो घडला ते बळ बाहेरून पाहणाऱ्याच्या, जोखणाऱ्याच्या आणि वापरून घेणाऱ्याच्या बाजूने. पुढे इंग्रजीत बुद्धी आणि बळ यांची जी फारकत झाली, तिला हा शब्द आयता हाताशी सापडला.

व्युत्पत्तीपासून सुरुवात करू. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'ब्राओं'वरून आला. तिथे त्याचा अर्थ अंगाचा मांसल भाग, विशेषतः मांडी किंवा ढुंगण. फ्रेंचांनी तो घेतला फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून. आजच्या जर्मनमधला 'ब्राटेन', म्हणजे भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा, हा त्याचा भाऊबंद. मूळ अर्थाबद्दल मात्र एकमत नाही. इंग्रजीचे बरेच कोश 'भाजण्याजोगा मांसाचा तुकडा' असा अर्थ धरतात. जर्मन व्युत्पत्तीचे अभ्यासक मूळ अर्थ 'बिनहाडाचं मऊ मांस' असा लावतात. भाजण्याच्या क्रियापदाशी त्याची सांगड नुसत्या नादसाम्याने पुढे बसली, असं त्यांचं म्हणणं. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण इथल्या मुद्द्याला दोन्ही चालतील. दोन्हीकडे शब्दाचा आरंभ जनावराच्या मांसात आहे आणि ते मांस कापणाऱ्या-खाणाऱ्याच्या नजरेने पाहिलेलं आहे. हा शब्द नॉर्मन विजेत्यांच्या ताटातून इंग्रजीत उतरला, असं सरळ सांगून मोकळं होण्याचा मोह होतो. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'पासून (1819) ही मांडणी लोकप्रिय आहे : डुक्कर जिवंत असतं तोवर सॅक्सन गुराख्याचं, त्याच्या तोंडी सॅक्सन नाव, शिजून ताटात आलं की नॉर्मन उमरावाचं, आणि नाव फ्रेंच. मांडणी आकर्षक आहे, पण सगळी खरी नाही. मध्ययुगीन इंग्रजीत यांतले कित्येक फ्रेंच शब्द जिवंत जनावरांनाही लावत असत; आजची काटेकोर वाटणी बरीच नंतरची आहे. शिवाय ब्रॉन मुळात जर्मानिकच, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा सख्खा नातेवाईक होताही. तेव्हा हा परका शब्द नव्हे, फ्रान्सला वळसा घालून परत आलेला घरचाच शब्द आहे.

तो खाद्यपदार्थ म्हणून इंग्लंडात किती मानाचा होता, हे विल्यम हॅरिसन या पाद्र्याने एलिझाबेथ राणीच्या काळात लिहिलेल्या इंग्लंडच्या वर्णनात सविस्तर दिलं आहे. बड्या घरांत पाळीव नर डुक्कर वर्ष-दोन वर्षं खास यासाठी बांधून ठेवत. त्याला ओट आणि वाटाणे चारत, आणि निजायला गवत न घालता उघड्या फळ्या देत, म्हणजे त्याची चरबी हवी तशी घट्ट होई. शेतकऱ्याला हे परवडत नसे. तो फार तर सहा महिने डुक्कर पोसायचा. मग पुढच्या भागाचे तुकडे करून, गुंडाळून, दोरीने करकचून बांधून उकळायचे. शिजलं की नाही याची परीक्षा अशी, की गवताची मऊ काडी चरबीतून आरपार गेली पाहिजे. त्यानंतर ते बिअर आणि मिठात मुरवायचं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि नाताळात तर हमखास, जेवणाची सुरुवात याने होई. पचायला जड म्हणून वर गोड वाइनचा घोट. हॅरिसन असंही सांगतो की एका इंग्रज उमरावाने फ्रान्समधल्या एका कॅथलिक गृहस्थाला याचं पिंप पाठवलं, तर त्या बिचाऱ्याने मासे समजून ते उपवासाच्या दिवसांसाठी राखून ठेवलं! या वर्णनातली एक गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे. ब्रॉन हे नुसतं मांस नव्हतं, ते घडवलेलं मांस होतं. कुणीतरी दुसऱ्याने, स्वतःच्या सोयीसाठी, खायला घालून आणि फळ्यांवर निजवून ते कठीण केलेलं असे.

माणसाच्या अंगाला हा शब्द लागला तो याच काळाच्या आधी, चौसरच्या हातून ठळकपणे. 'कँटरबरी टेल्स'मध्ये (सुमारे 1387 ते 1400) हे दोन्ही अर्थ सापडतात. 'फ्रँकलिन्स टेल'मध्ये हिवाळा आला हे सांगताना तो शेकोटीपाशी वाइन पिणारा दुतोंडी जानस दाखवतो आणि त्याच्यापुढे सुळेवाल्या डुकराचं ब्रॉन ठेवतो. प्रस्तावनेत गिरणीवाला येतो तो हाडापेराने आणि ब्रॉनने दांडगा म्हणून. कुस्तीत दर वेळी बक्षिसाचा मेंढा मारणारा, दार बिजागरीतून उचकटणारा, नाहीतर धावत जाऊन डोक्याने फोडणारा असा हा गडी. चौसर एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या दाढीचा रंग डुकरिणीसारखा किंवा कोल्ह्यासारखा तांबडा, नाकावर चामखीळ, आणि तिच्यावरचे केस डुकरिणीच्या कानांतल्या राठ केसांसारखे. शब्दातलं डुक्कर कवीच्या कानात जागं होतं, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. यावर कुणी म्हणेल की 'नाइट्स टेल'मधल्या थ्रेसच्या लायकर्गस राजालाही चौसर कठीण, बळकट ब्रॉन बहाल करतो, आणि तिथे हेटाळणीचा लवलेश नाही. आक्षेप खरा आहे आणि तो माझं म्हणणं नेमकं करायला उपयोगी पडतो. हा शब्द मुळातच तुच्छतेचा आहे, असा माझा दावा नाही. राजाचं ते वर्णन झुंजीआधी लव्याजम्यासह नगरात शिरणाऱ्या योद्ध्याचं आहे : हातपाय केवढे, खांदे किती रुंद, बाहू किती लांब. जमलेली गर्दी जसं पाहते तसं ते आहे. आदराने पाहिलं तरी पाहणं बाहेरूनच.

शेक्सपिअरकडे आलो की हा शब्द पुरता उलगडतो. कोरिओलेनसला त्याचा जुना वैरी ऑफिडियस सांगतो की तुझ्या ब्रॉनवरून ढाल छाटून टाकायचा माझा मनसुबा होता. इथे ब्रॉन म्हणजे दंड. हाच शब्द चौथ्या हेन्रीच्या दोन्ही नाटकांत फॉल्स्टाफला लागतो, आणि तिथे तो आहे माजलेलं डुक्कर. एकाच लेखकाच्या कानाला योद्ध्याचा दंड आणि पिंपाएवढ्या पोटाचा दारुडा यांना एक शब्द चालत होता. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'त म्हातारा नेस्टर म्हणतो की मी आपलं सुकलेलं ब्रॉन बाहुकवचात घालून लढायला उतरेन. हे उदाहरण माझ्याविरुद्ध जातं असं वाटेल, कारण इथे माणूस स्वतःच्याच बळाबद्दल हा शब्द वापरतो आहे. पण तो कसा वापरतो ते पाहण्यासारखं आहे. पांढरी दाढी सोन्याच्या शिरस्त्राणात लपवायची, वाळलेला दंड कवचात भरायचा. स्वतःच्या अंगाकडे तो एखाद्या वस्तूकडे पाहावं तसा पाहतो, आणि म्हणूनच त्याला हा शब्द सुचतो. सर्वांत बोलकं उदाहरण 'सिंबेलिन'मधलं. इमोजेन शुद्धीवर येते तो शेजारी मुंडकं नसलेलं धड पडलेलं. अंगावर तिच्या नवऱ्याचे कपडे. ती एकेक अवयव ओळखत जाते, हा त्याचा हात, ही मांडी, हे हर्क्युलिसचे ब्रॉन, आणि त्याच्यासाठी आक्रोश करते. धड असतं तिचा छळ करणाऱ्या क्लोटनचं. ज्याचा तिला सर्वाधिक तिटकारा, त्याच्या स्नायूंत तिला नवरा दिसला. स्नायूंवर माणसाची खूण नसते, त्यासाठी चेहरा लागतो, हे या प्रसंगाइतक्या निष्ठुरपणे फार थोड्या ठिकाणी सांगितलेलं असेल.

या शब्दाला आणखी एक छटा चिकटली, ती निबरपणाची. फळ्यांवर निजून घट्ट झालेल्या चरबीवरून ब्रॉन म्हणजे घट्टे पडलेली, बधिर कातडी असाही अर्थ निघाला. कव्हरडेलने केलेलं स्तोत्रांचं भाषांतर इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात कायम राहिलं. त्यात 119व्या स्तोत्रातल्या गर्विष्ठांचं काळीज ब्रॉनसारखं चरबीने भरलेलं आहे. 1611च्या बायबलमध्ये त्याच ठिकाणी नुसती चरबी आहे, आणि मूळ हिब्रूतही चरबीच. पण प्रार्थनापुस्तकाच्या रिवाजाप्रमाणे सगळी स्तोत्रं महिन्याभरात एकदा म्हटली जात, त्यामुळे चर्चमध्ये लोकांच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडला तो ब्रॉन. जॉन लॉकने 1693मध्ये मुलांच्या शिक्षणावर लिहिताना हीच छटा उलटवली. मुलांनी ऊठसूट रडू नये, आयुष्यातल्या अडीअडचणींना तोंड द्यायला मनाचा निबरपणा हेच सर्वांत चांगलं चिलखत, असं सांगताना त्याने ब्रॉनवरूनच बनलेलं भाववाचक नाम मनाला लावलं. म्हणजे शब्द मनापर्यंत पोचलाही आणि स्तुतीपरही झाला. पण ती स्तुती कशाची? न जाणवण्याची. मन ब्रॉनसारखं होणं म्हणजे त्याने काहीएक जाणवून घेणं थांबवणं, हे लॉकलाही मान्य आहे.

ब्रॉनचे सोबती पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मसल हा शब्द लॅटिनमधल्या 'छोट्या उंदरा'वरून आला. ग्रीकमध्येही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द होता. कातडीखाली काहीतरी पळतंय असं दिसतं, त्यावरून. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. दंड आवळल्यावर जी फुगते तिला आपण बेडकुळीच म्हणतो. थ्यूज या आता जुनाट झालेल्या शब्दाची कथा मात्र विलक्षण आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता चालरीत, वळण, सद्गुण. चौसरच्या ग्रिझेल्डाला चांगले थ्यूज आहेत म्हणजे ती सुशील आहे. दोनशे वर्षांनी शेक्सपिअरकडे हा शब्द तीनदा येतो आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ अंगाची ठेवण, स्नायू असाच. तिन्ही ठिकाणी त्याच्या जोडीला मनाचा उल्लेख आहे. कॅशियस म्हणतो, रोमनांचे थ्यूज पूर्वजांसारखेच आहेत, मेलीत ती बापजाद्यांची मनं. लेअर्टीज ऑफेलियाला बजावतो की माणूस वाढतो तो काही नुसत्या थ्यूजने नव्हे, आत मनही वाढत असतं. आणि फॉल्स्टाफ सैन्यभरती करताना, दोन धट्ट्याकट्ट्या गड्यांकडून पैसे खाऊन त्यांना सोडल्यावर, मरतुकड्यांची निवड समर्थनीय ठरवायला म्हणतो की मला थ्यूज नकोत, जिगर पाहिजे. पुढे स्कॉटने 'रॉब रॉय'मध्ये (1817) हा शब्द पुन्हा चलनात आणला, तोही स्नायूंच्याच अर्थाने. याच्या उलट प्रवास नर्व्हचा. लॅटिनमध्ये तो धनुष्याची दोरी, स्नायुबंध; इंग्रजीतही आधी बळकटी. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या कोशात नर्व्हस या विशेषणाचा पहिला अर्थ जोमदार, बळकट असा आहे आणि दुबळ्या मज्जातंतूंचा, हा आज रूढ असलेल्या अर्थाजवळचा अर्थ, वैद्यांची खास बोली म्हणून शेवटी दिला आहे. चारित्र्याचा शब्द स्नायूंकडे गेला, स्नायूंचा शब्द मज्जेकडे. मन आणि अंग यांच्यामधली सीमा इंग्रजीत एके काळी किती सैल होती, हे त्यावरून कळतं.

आता मुख्य आक्षेप. शब्दाचा उगम म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचं पहिलं पथ्य आहे. आज ब्रॉन म्हणणाऱ्याच्या मनात फ्रँकांचं मांस नसतं, तेव्हा उगमावर युक्तिवाद उभारणं गैर, असं कुणी म्हणालं तर ते बरोबर आहे. मसलच्या बाबतीत मी ते निमूट मान्य करीन. तिथला उंदीर केव्हाच मेला आहे. पण ब्रॉनचा खाद्यार्थ मेलेला उगम नव्हता, तो जिवंत शेजारी होता. जॉन्सनच्या कोशात स्नायू, दंड, अंगबळ, डुकराचं मांस आणि प्रत्यक्ष डुक्कर हे सगळे अर्थ एकाच नोंदीत एकापाठोपाठ येतात. विसाव्या शतकातही ब्रिटिश खाटकाकडे ब्रॉन मागितलं तर तो मुंडीचं गोठवलेलं मांसच तोलून देई. दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे : बुद्धी आणि बळ यांचं भांडण इंग्रजीहून कितीतरी जुनं. अकिलीसच्या शस्त्रांसाठी एजॅक्स आणि ओडिसियस भांडले तेव्हा ब्रॉन हा शब्द कुठे होता? कबूल. शब्दाने भांडण निर्माण केलं नाही. पण इंग्रजीत त्या भांडणात बळाच्या बाजूने माइट उभा करता आला असता. तो शब्द ईश्वराच्या सर्वशक्तिमान या विशेषणात आहे, राजांना चालतो, समुद्राला चालतो. ईश्वराचं ब्रॉन असं कुणी म्हणत नाही. बुद्धीसमोर उभं करायला नेमका तोच शब्द निवडला गेला, ज्यात आत्मा कमीत कमी आणि मांस जास्तीत जास्त होतं. ही निवड अनुप्रासाने केली, असं म्हणता येईल. अनुप्रासाने मदत केली हे खरं. पण ज्यांना माइट हाताशी होता त्यांनी एका अक्षराच्या जुळणीसाठी एवढी किंमत सहज मोजली, यावरून त्यांना काय म्हणायचं होतं तेही कळतं.

आणि ते का म्हणायचं होतं याचं उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या कारखान्यांत आहे. वाफेच्या यंत्राची ताकद घोड्यांच्या हिशेबात मोजायची रीत जेम्स वॉटने आधीच पाडली होती. एकदा ताकद मोजता आली, विकत घेता आली, की ती कुणाची हा प्रश्न गौण होतो. डिकन्सने 'हार्ड टाइम्स'मध्ये (1854) नेमकं यावर बोट ठेवलं : गिरणी-कामगारांना 'हँड्स', म्हणजे नुसते हात, म्हणायची पद्धत, जणू देवाने त्यांना हात आणि फार तर पोट एवढंच देऊन पाठवलं. फ्रेडरिक टेलरने त्याला शास्त्राचं रूप दिलं. 1911च्या पुस्तकात तो बेथलेहेम स्टील कंपनीतल्या, श्मिट असं नाव दिलेल्या मजुराची हकीकत सांगतो. दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड उचलणारा हा माणूस शिस्तशीर देखरेखीखाली साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला, आणि रोज 1.15 डॉलरचा 1.85 डॉलर झाला. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या जरा वर. याच पुस्तकात टेलर बेधडक लिहितो की या कामाला योग्य माणूस असा हवा की त्याची मनोवृत्ती बैलाच्या जवळ जाणारी असेल. ब्रेन आणि ब्रॉन इथे दोन गुण राहत नाहीत, दोन पगार होतात. मला या मजकुराचा आजही संताप येतो, कारण त्याच माणसाबद्दल टेलरनेच नोंदवलं आहे की तो कामावरून सुटल्यावर मैलभर चालत जाऊन स्वतःच्या हाताने घर बांधत होता. घर बांधणाऱ्याला बैलाची बुद्धी पुरत नाही.

लाँगफेलोच्या 1840च्या 'व्हिलेज ब्लॅकस्मिथ'चं उदाहरण माझ्यापुढे ठेवलं जाईल. तिथे लोहाराचे बाहू ब्रॉनी आहेत आणि कवीला त्याच्याबद्दल केवळ आदर आहे. तो आदर खरा आहे. पण त्या माणसाला पूर्ण माणूस करण्यासाठी कवीला बाहू पुरत नाहीत. तो कुणाचा देणेकरी नाही, चर्चमध्ये मुलीचा आवाज ऐकून त्याला मेलेली बायको आठवते, डोळ्यांत पाणी येतं, हे सगळं वेगळं सांगावं लागतं. शतकाच्या अखेरीस युजेन सँडो आला तेव्हा तर बळाला काही करून दाखवायचीही गरज उरली नाही. 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली. परीक्षकांत एक शिल्पकार आणि शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल. सँडोच्या अंगाचा प्लास्टरचा साचाही नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी काढून घेतला गेला. (आपल्याकडे बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकाला सँडो म्हणतात ते याच्याच नावावरून.) अमेरिकेत ब्रॉनी नावाचा कागदी टॉवेल मिळतो, वेष्टनावर चौकटीच्या शर्टातला धिप्पाड गडी. तिथे तर बळाला आता माणसाचीही गरज राहिलेली नाही.

शरीरशास्त्राने मात्र ही फारकत केव्हाच मोडीत काढली आहे. चार्ल्स शेरिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1920च्या दशकात 'मोटर युनिट' ही कल्पना मांडली : पाठीच्या कण्यातली एक मज्जापेशी आणि ती ज्यांना हुकूम देते ते स्नायुतंतू, हे मिळून बळाचं एक एकक. मज्जापेशी बाजूला काढली तर उरतं ते मांस. बळ उरत नाही. 1979मध्ये मोरितानी आणि डेव्ह्राइस यांनी दाखवून दिलं की व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत माणसाची ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे; स्नायू जाड होणं त्यानंतर येतं. अधिक तंतू एकदम कामाला लावणं, त्यांचा मेळ बसवणं, विरोधी स्नायूला ढिला सोडणं हे आधी शिकलं जातं. वजन उचलणारा नवखा गडी पहिले काही आठवडे शिकतच असतो, आरशात मात्र काही दिसत नाही. ब्रॉन या शब्दाची मोजपट्टी आरशापुरती, टेलरच्या वजनकाट्यापुरती आहे; या शिकण्याला त्यात जागा नाही. ब्रिटनमध्ये मुंडीचं गोठवलेलं मांस खाणारे आता कमी होत चालले आहेत आणि शब्दाचा खाद्यार्थ हळूहळू कोशापुरता उरेल असं दिसतं. त्यामुळे शब्द निर्मळ होईल अशी मला आशा नाही, कारण डुक्कर विसरलं गेलं तरी ब्रेनशी लावलेली जोडी सुटलेली नाही, आणि हमालाच्या, लोहाराच्या, कुस्तीगिराच्या कामात किती ज्ञान असतं हे न विचारण्याची सोय ती जोडी अजून करून देते.